अंदमानची बेटं आणि शेवटी चेन्नई: मराठवाड्यातून सहल आखताना आधी काय, नंतर काय

'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते आणि आपल्याकडे बी-बियाण्याची चौकशी सुरू होते. नेमक्या त्याच आठवड्याची अंदमानची तिकिटं काढून बसलेली कुटुंबंही आपल्याकडेच भेटतात, कारण लेकरांना सुट्टी तेव्हाच असते. ज्या पावसाची आपण इथे वाट बघतो, तो तिथे बोटी बंद पाडतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बहुतेकांची सहल बिघडते ती पैसे कमी पडल्याने नाही, क्रम चुकल्याने. हॉटेल आधी, विमान नंतर, बोट सगळ्यात शेवटी. शहर आधी फिरून घ्यायचं, बेटं शेवटी. आणि बेटावरून परतल्याच्या दुसऱ्या तासाला विमान. खालचा क्रम याच्या उलटा आहे. नांदेड, परभणी, लातूर, जालना, बीड कुठूनही निघा, सांगाडा तोच राहतो.

टप्पा 1: तारखा ठरवा, पण दोन्ही ठिकाणचं हवामान बघून

अंदमानात नैऋत्य मान्सून तर येतोच, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगामही असतो. म्हणजे दिवाळीची सुट्टीसुद्धा तितकीशी भरवशाची नाही. त्यात आपल्याला शेवटचे दोन दिवस चेन्नईत काढायचे आहेत, आणि चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो. दोन्ही जुळवलं तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. समुद्र शांत, चेन्नईचं ऊन सोसण्याजोगं, आणि शेतीवाल्या घरातले या काळाच्या सुरुवातीलाच निघाले तर हरभरा-गव्हाची काढणी जोरात सुरू व्हायच्या आधी जाऊन येता येतं.

नाताळ ते एक जानेवारी टाळा. सगळं मिळतं, पण दुप्पट भावात आणि रांगेत. जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो. त्या आठवड्यात चेन्नईतून निघणाऱ्या गाड्यांत जागा मिळणं कठीण.

शाळेमुळे उन्हाळ्याची सुट्टीच हातात असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा धरा. उकाडा असेल, पण समुद्र बहुधा साथ देतो. 15 मेनंतरचं काही ठरवू नका.

टप्पा 2: कागदावर सांगाडा मांडा

तिकिटांच्या ॲपला हात लावण्याआधी एका कागदावर रात्री लिहून काढा. तारखा नाही, फक्त रात्री. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी मी आठ रात्रींचा हा सांगाडा सुचवीन:

1. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर.
2. दुसरी आणि तिसरी हॅवलॉक बेटावर.
3. चौथी नील बेटावर.
4. पाचवी आणि सहावी परत पोर्ट ब्लेअर.
5. सातवी आणि आठवी चेन्नई. नवव्या दिवशी गाडी.

सरकारी कागदावर आणि बऱ्याच तिकिटांवर आता नवी नावं दिसतील. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे 2018 च्या डिसेंबरात झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम 2024 मध्ये. नाव वेगळं दिसलं म्हणून चुकीचं तिकीट निघालं असं समजून रद्द करू नका.

आता या क्रमाचं कारण. बोट म्हणजे एसटी नव्हे; ही चुकली तर अर्ध्या तासाने पुढची, असं तिथे होत नाही. वारा वाढला, बंदराने मनाई केली की त्या दिवशीच्या सगळ्या बोटी रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची गर्दी चढते. म्हणून परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये एक अख्खा मोकळा दिवस हवा. वर सहावी रात्र त्यासाठीच आहे. सगळं सुरळीत झालं तर तो दिवस शहर बघण्यात जातो, काही अडलं तर तोच दिवस विमान वाचवतो.

शहर शेवटी ठेवण्याचं कारणही तेच. फारच बिनसलं तर चेन्नईची एक रात्र कापता येते; बेटावरची रात्र कापली तर जाण्यालाच अर्थ उरत नाही. शिवाय चेन्नई आधी केली तर टी. नगरातून घेतलेल्या साड्यांची बोचकी तीन बोटींत चढवत-उतरवत फिरावं लागतं. घरातल्या बायकांना हे कारण पहिल्यापेक्षा लवकर पटतं.

तपासा: सांगाड्यात बोटीचा प्रवास आणि विमान एकाच दिवशी कुठे आलंय का? आलं असेल तर एक रात्र वाढवा किंवा नील काढून टाका. बेट कमी झालेलं चालतं.

टप्पा 3: पोर्ट ब्लेअरचं विमान आधी, घरापासूनचा प्रवास नंतर

आधी फक्त दोन तिकिटं काढा: मुख्य भूमीवरून पोर्ट ब्लेअर, आणि पोर्ट ब्लेअरहून चेन्नई. जाताना हैदराबादहून हंगामाप्रमाणे थेट विमान मिळतं, नाहीतर चेन्नईवरून. चेन्नईहून उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपास आहे. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला अडीच-तीन दिवस लागतात. आठ रात्रींच्या सहलीत त्याचा विचार नको.

मग घरापासूनचा रस्ता. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकरांना देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेस पकडून हैदराबाद गाठणं सोपं. लातूर, धाराशिवकडच्यांना सोलापूरवरून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या सोयीच्या. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. विमान चार महिने आधी काढलं की रेल्वेचं कुणी तरी बघेल म्हणून राहून जातं. परतीच्या गाडीचं आरक्षण कधी उघडतं ती तारीख मोजून आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

सिकंदराबाद स्टेशन ते शमशाबाद विमानतळ हे अंतर हलकं घेऊ नका. मेट्रो तिथवर जात नाही; पुष्पक नावाच्या विमानतळ बस आहेत किंवा टॅक्सी. गाडी वेळेवर पोचेल हे गृहीत धरून त्याच सकाळचं विमान काढणं हा जुगार आहे. आदल्या दिवशी हैदराबादला पोचा, नातेवाईक तिथे निघतीलच कुणी ना कुणी.

सावध: संभाजीनगर ते हैदराबाद एक विमान आणि हैदराबाद ते पोर्ट ब्लेअर दुसरं, अशी दोन वेगळ्या पीएनआरची तिकिटं काढली तर पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकल्यास भरपाई कुणी देत नाही. एकाच पीएनआरवर मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.

नावांचा घोळ इथेच होतो. आपल्या कागदांवर कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, आणि बायकांच्या आधारवर कधी माहेरचं नाव असतं. प्रत्येकाचं आधार कार्ड समोर ठेवून, अक्षर न अक्षर बघून नाव टाका. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला सोबत लागतो.

टप्पा 4: विमान झालं की त्याच आठवड्यात बोटी

हॉटेलं खूप आहेत, सोयीच्या वेळेच्या बोटीत जागा कमी. म्हणून बोट आधी.

तीन फेऱ्या लागतील: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. खासगी बोटींत मकरुझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही नावं दिसतील. वेगवान बोट हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास पोचवते, सरकारी बोटीला अडीच तास धरा. सरकारी बोट पुष्कळ स्वस्त आहे, पण तिच्यात बेटांवरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे, त्यांचा दवाखाना-बाजार तिच्यावर चालतो. आठ-दहा जणांच्या कुटुंबाने सरकारी तिकिटाच्या भरवशावर आखणी करू नये.

शक्यतो सकाळच्या फेऱ्या घ्या. सकाळची रद्द झाली तर दुपारच्या फेरीत बसवून मिळण्याची आशा असते. दुपारची शेवटची रद्द झाली तर तो दिवस गेला. नीलहून परतीची फेरी मात्र दुपारची चालेल, कारण पुढे मोकळा दिवस राखून ठेवलेला आहे.

विमान उतरतं त्याच दुपारची हॅवलॉकची बोट काढायचा मोह होतो. एजंटही तेच सुचवतात, एक रात्र वाचते म्हणून. काढू नका. विमानाला दोन तास उशीर झाला की बोट, हॅवलॉकची रात्र आणि पुढची बोट अशी साखळीच तुटते.

तपासा: तिकिटावर जेटी, म्हणजे बोटीचा धक्का, कुठली आहे? सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी बहुतकरून हॅडोवरून. दोन्ही पोर्ट ब्लेअरमध्येच आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी, आणि रिक्षावाल्याला नुसतं 'जेटी' सांगून चालत नाही.

टप्पा 5: हॉटेल, आणि पॅकेज घेत असाल तर विचारायचे प्रश्न

हॅवलॉकमध्ये किनाऱ्यांना आकडे आहेत. तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. बहुतेक हॉटेलं तीन ते पाचच्या पट्ट्यात पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे ओहोटीला पाणी दूर सरकतं आणि खडक उघडे पडतात. खोलीसमोर समुद्र असूनही पोहता येत नाही. जाहिरातीतला फोटो भरतीच्या वेळचा असतो. याने बिघडत काही नाही, पोहायला राधानगरला जायचंच आहे, पण समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं.

पोर्ट ब्लेअरचं हॉटेल अबर्डीन बाजाराच्या आसपास घ्या. जेवण, औषधं, एटीएम, सगळं चालत्या अंतरावर. चेन्नईचं हॉटेल मात्र पैसे परत मिळतील असंच हवं. बिनसल्यावर कापायची रात्र तीच आहे.

पॅकेज घेणाऱ्यांनी एजंटाकडून फोनवर नाही, लेखी घ्यावं: कोणती बोट, कोणत्या वेळेची, कोणत्या वर्गाची? हॉटेलचं नाव काय? 'किंवा तत्सम' हे शब्द खोडून घ्या. बोट रद्द झाली तर जास्तीच्या रात्रीचा खर्च कुणाचा? या शेवटच्या प्रश्नावर जो एजंट 'असं होतच नाही' म्हणतो, त्याला नमस्कार करून उठावं.

टप्पा 6: सामान

देशांतर्गत विमानात साधारण 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली अशी मर्यादा असते; तिकिटावर बघून घ्या. वजन घरीच करा.

शिदोरीबद्दल. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन दिवसांना उत्तम. पण तिखट, काळा मसाला आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवलं तर सुरक्षा तपासणीत काढून टाकायला लावतात. ते मोठ्या बॅगेत घाला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही चालत नाहीत, त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतात. पॉवर बँक याच्या उलट: फक्त हातातल्या बॅगेत.

प्रत्येकाला मागे पट्टा असलेली सँडल द्या. चपला वाळूत ठीक, पण खडकाळ किनाऱ्यावर आणि हलत्या फळीवरून बोटीत चढताना पाय घसरतो. बोटीच्या, विमानाच्या, हॉटेलच्या तिकिटांच्या छापील प्रती काढा. चेन्नई ते अंदमान समुद्राखालून केबल 2020 मध्ये आली, तेव्हापासून नेटवर्क बरंच सुधारलं आहे, तरी हॅवलॉक-नीलवर ते ऐनवेळी दगा देतं. म्हणून यूपीआयवर सगळी भिस्त नको. नीलला जाण्याआधी पोर्ट ब्लेअरमध्ये रोख काढून ठेवा.

सावध: बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, तीही डॉक्टरांना विचारून. बोट डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

टप्पा 7: बेटांवरचे दिवस

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा: अंदमान पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच आहे. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी. जेवून, झोपून, चहा घेऊन पाचला राधानगरला निघणाऱ्यांना अंधार बघायला मिळतो. साडेतीनला तिथे पोचलेलं बरं. राधानगर जेटीपासून दहा-बारा किलोमीटर आहे. परतीची रिक्षा जातानाच सांगून ठेवा, अंधार पडल्यावर मिळेल त्या भावात यावं लागतं.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल करून टाका. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधीच घ्या. राष्ट्रीय सुट्टीला जेल बंद असतं, म्हणून 26 जानेवारीच्या आसपास जाणाऱ्यांनी दिवस बघून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर तासभर आधी. इथे नवख्यांचा गोंधळ उडतो तो असा: मोठ्या बॅगा बोटीबाहेरच जमा होतात, त्यांना टॅग लागतात, आणि पाण्याची बाटली, गोळ्या, लेकराचे कपडे सगळं त्यातच गेलेलं असतं. आत बंद काचांचा थंडगार हॉल, विमानासारख्या खुर्च्या. अर्ध्या तासाने बोट उघड्या समुद्रात येते, खालून धपधप बसायला लागते, आणि कर्मचारी निमूटपणे कागदी पिशव्या वाटत फिरतात. शाल, पाणी आणि एक जादा कपड्याचा जोड हातात ठेवा. ज्यांना त्रास होतो त्यांनी मधल्या खुर्च्या घ्याव्यात, पुढच्या नाही. हेलकावा पुढे जास्त बसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच किंवा स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं. दोन्ही एकाच दिवसात कोंबायची गरज नाही. पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला पोहता यायची गरज नसते, प्रशिक्षक धरून ठेवतो; वय मात्र किमान 10 हवं. दमा, हृदयविकार, रक्तदाब याबद्दलचा फॉर्म खरा भरा. नाही म्हणतील या भीतीने खोटं लिहिणारे फार असतात, आणि तिथे दवाखाना लांब आहे. स्कूबानंतर विमानात बसण्याआधी 24 तास जाऊ द्या. आपल्या सांगाड्यात तीन दिवसांहून जास्त अंतर आहे, पण क्रम उलटा करणाऱ्यांनी हे मोजावं.

नीलवर खडकाची नैसर्गिक कमान फक्त ओहोटीला जवळून बघता येते. ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे मित्राने सांगितलेली वेळ कामाची नाही. उतरल्या उतरल्या हॉटेलवाल्याला आजची आणि उद्याची वेळ विचारा, आणि भरतपूर, लक्ष्मणपूर हे किनारे त्या वेळेभोवती बसवा.

सावध: काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचनेचे फलक आहेत. ते शोभेला लावलेले नाहीत. जीवरक्षक असलेल्या ठिकाणीच पाण्यात उतरा, खाडीच्या तोंडाशी आणि संधिप्रकाशात नाही.

सावध: प्रवाळाचा तुकडा, मोठे शंख किनाऱ्यावरून उचलून बॅगेत टाकू नका. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. देवघरासाठी शंख हवाच असेल तर सरकारमान्य दुकानातून पावतीसह घ्या आणि पावती बॅगेतच ठेवा.

टप्पा 8: राखीव दिवस

सहाव्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये असाल तर सकाळी रॉस बेट, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बुधवारी ते बंद असतं. दुपारी समुद्रिका संग्रहालय किंवा चॅथमची लाकूड गिरणी, ती 1883 पासूनची आहे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा या दिवसात बसतात, पण पहाटे चारला निघावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसांची हाडं खिळखिळी होतात. सोमवारी गुहा बंद. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून ठरावीक वेळेलाच गाड्यांचा ताफा सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. 'जारवा दाखवतो' म्हणून जो पैसे मागेल त्याच्या गाडीत बसूच नका; ती माणसं बघायला ठेवलेली नाहीत.

टप्पा 9: चेन्नईचे दोन दिवस

विमानतळावरून मेट्रो थेट सेंट्रलपर्यंत जाते, सामान आवाक्यातलं असेल तर टॅक्सीपेक्षा बरी. रिक्षावाल्याशी हिंदी चालेलच असं नाही. ॲपवरून बोलवा, भावाची घासाघीस वाचते.

दक्षिणेतली देवळं दुपारी बंद होतात. मैलापूरचं कपालीश्वर मंदिर साडेबारानंतर गाठलं तर चारपर्यंत बाहेर बसावं लागेल. म्हणून सकाळी मंदिर, दुपारी एगमोरचं सरकारी संग्रहालय, संध्याकाळी टी. नगर. संग्रहालय शुक्रवारी बंद. आठवा अख्खा दिवस हाताशी असेल तर महाबलीपुरम करा. साठेक किलोमीटर आहे आणि वेरूळ बघितलेल्या माणसाला तिथले एकसंध दगडी रथ बघताना पुष्कळ काही ओळखीचं वाटेल. मरीना किनाऱ्यावर बसून सुंडल (उकडलेल्या हरभऱ्यांची उसळ) खा, पण पाण्यात जाऊ नका. अंदमानच्या उथळ पाण्याची सवय झालेली लेकरं इथे धावत सुटतात आणि इथल्या पाण्याची ओढ जबर आहे.

शेवटची तपासणी गाडीच्या आदल्या रात्री: तिकिटावर स्टेशन कुठलं आहे? चेन्नईत सेंट्रल, एगमोर, तांबरम, पेरांबूर अशी वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि मुंबईकडच्या गाड्याही सगळ्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. सेंट्रलचं अधिकृत नाव 2019 पासून एम. जी. रामचंद्रन यांच्या नावाने आहे, ते लांबलचक नाव बघून गोंधळू नका. मराठवाड्यात थेट येणाऱ्या गाड्या आठवड्यात मोजक्याच. तुमच्या दिवशी नसेल तर सिकंदराबाद किंवा सोलापूरला बदलावं लागेल. मधे किमान तीन तासांचं अंतर ठेवा, आणि सोलापुरात रात्री उतरणार असाल तर गावाकडे नेणारी गाडी चेन्नई सोडायच्या आधीच सांगून ठेवा.